पाणथळ जागेत हरणांसाठी आडोसा करायचाय, कुठली झाडं टिकतील?

दलदलकर
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो आणि पाककृतींच्या धाग्यांवर जळतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही मिशिगनमध्ये गावाबाहेर राहतो. तीन वर्षांपूर्वी घरासकट ११ एकर जागा घेतली. एकर वाचून कोणी भारावून जाऊ नका, त्यातले चारेक एकर असे आहेत की एप्रिलमध्ये गमबूट घालून आत गेलात तर पाय परत येतो, गमबूट येत नाही. या चिखलाच्या पलीकडे कच्चा रस्ता आणि अलीकडे थोड्या उंचवट्यावर जुन्या मालकाने लावलेली पाच सफरचंदाची झाडं. त्याखाली संध्याकाळी व्हाइटटेल हरणं यायची. माझी आई इथे सहा महिने होती तेव्हा तिचा चहा रोज त्या किचनच्या खिडकीतच व्हायचा, "आली रे तुझी माणसं" म्हणून मला हाक मारायची.

आता होतं काय, रस्त्यावरून गाडी गेली की हरणं दिसतात म्हणून लोक थांबतात, काच खाली करतात, फोटो काढतात. लगेच शेपट्या वर, पांढरे झेंडे फडकवत सगळी शेजाऱ्याच्या रानात. गेली दोन वर्षं ती फक्त रात्री येतात, हे कॅमेऱ्यावरून कळतं. म्हणून रस्त्याच्या बाजूने साधारण तीनशे फूट लांबीचा झाडांचा आडोसा करायचाय.

मागच्या वर्षी उत्साहात नॉर्वे स्प्रूसची ६० रोपं लावली. विकणारा म्हणाला कुठेही येतं. ऑगस्टपर्यंत वीटकरी रंगाची झाली. एक उपटून बघितलं तर मुळं काळी आणि वास सडक्या अंड्यासारखा. साठातली सात जगली. तर आता काय लावू? बायकोचं म्हणणं सरळ पडदा लावा.

टवाळखोर
पडद्याला +१. वहिनींना सदस्यत्व द्या.

निरगुडी
दलदलकर, मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात आहे, आमचाही मागचा भाग असाच आहे, त्यामुळे हे सगळं स्वतःच्या पैशाने शिकून झालंय.

आधी एक काम करा. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी बघा पाणी कुठवर चढलंय. माती राखाडी आणि तिच्यात गंजासारख्या तांबूस रेघा असतील तर ती वर्षातले बरेच महिने पाण्यातच असते. तिथे मुळांना हवा मिळत नाही आणि नॉर्वे स्प्रूस गुदमरतो. ओलसर जमीन त्याला चालते, साचलेलं पाणी नाही. विकणाऱ्याने या दोन्हीत फरक केला नाही आणि पैसे तुमचे गेले.

खऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं तुमच्याकडे आहेत. विलो, म्हणजे संकरित किंवा पर्पल ऑझियर. स्पेकल्ड आल्डर. रेड ऑझियर आणि सिल्की डॉगवुड. बटनबुश. सदाहरित हवं तर नॉर्दर्न व्हाइट सीडर आणि ब्लॅक स्प्रूस. टॅमरॅकही येतो पण तो सूचिपर्णी असून हिवाळ्यात सुया गाळतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी उघडा.

विलोला तर रोप विकत घ्यायची गरजच नाही. मार्चमध्ये कळ्या फुटायच्या आधी कोणाकडून तरी फांद्या आणा, पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाड, फूटभराचे तुकडे करा, कळ्या वरच्या दिशेला ठेवून पाऊण भाग चिखलात खुपसा. झालं. उलटे खुपसू नका, माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी चाळीस उलटे खुपसले होते.

एकच अट. आजूबाजूचं गवत मारा. तुमच्याकडे रीड कॅनरी ग्रास असणारच, ते पहिल्याच उन्हाळ्यात कांड्यांच्या डोक्यावरून जातं. मी पुठ्ठे अंथरून वर लाकडाच्या चिप्स टाकते. तणनाशक मारायचं तर पाण्याजवळ चालणारंच घ्या.

दलदलकर
निरगुडी ताई, प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय. खड्डा घेतला. दुसऱ्या दिवशी बघायची वेळच आली नाही, खणतानाच पाणी आलं. आणि हो, तांबूस रेघा आहेत.

एक शंका. विलो पानगळीचा ना? इथे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा सीझन दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा सगळं उघडंबोडकं असतं. मग आडोसा कसला?

कोकणची_वई
अवांतर पण तुमच्या विलोचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे बरं का. वाळुंज! नदीकाठी, ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून उभा असतो. आमच्या आजोळी पऱ्ह्याच्या कडेला वाळुंज, करंज आणि मध्ये निरगुडी (ताई तुम्ही नाही) अशी वई, म्हणजे कुंपण, होती. आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर निरगुडीच्या काठ्या नुसत्या टोचत जायचे आणि गणपतीपर्यंत तिला पानं. हरणांसाठी नव्हे अर्थात, शेजाऱ्याच्या म्हशीसाठी. मुद्दा एवढाच की ओल्या जागेत जे काठी टोचून येतं तेच लावावं, रोपाचे लाड करू नयेत.

भंडाऱ्याचा_भाऊ
राजेहो, हा धागा वाचून मले हसावं का रडावं समजेना. तुम्ही हरणं यावी म्हणून झाडं लावून रायले, आम्ही हरणं जावी म्हणून रात्र रात्र जागल करून रायलो.

आमचं शेत जंगलाच्या काठाले हाये. धान निसवलं की चितळ, रोही, डुक्कर सगळ्यांचं जेवण आमच्याकडं. बांधावर जुन्या साड्या बांधल्या, मावशीच्या, काकूच्या, लग्नातल्या पण. पहिला हप्ता भेले, मंग सवय झाली, आता साडीखालून येतात. कुंपणाले विजेचा झटका देणारी झटका मशीन लावली, तीन लोकांत वर्गणी करून. नुकसानभरपाईचा फॉर्म भरला त्याले किती दिवस झाले ते इचारू नका.

आता आडोशाचं सांगतो. आमच्या बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, काठी बेशरम माजलेला हाये. पाण्यात उभा, कोणी खात नाही, तोडला तिथून दुप्पट येतो. त्याच्यात डुकरं दिवसभर झोपून राहतात आणि रात्री आमच्या धानात. असा आडोसा तुम्हाले पाहिजे असन तर ट्रक भरून पाठवतो, भाडं तुमचं.

टवाळखोर
बेशरम मिशिगनच्या थंडीत मरेल हो भाऊ. मरणारा बेशरम पहिल्यांदाच बघायला मिळेल.

दलदलकर
भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. माझी हौस आहे, तुमचं पोट आहे. इथले शेतकरीही हरणांवर वैतागलेले असतात, मका आणि सोयाबीनच्या कडा साफ करतात. शेजारचा म्हातारा शेतकरी मला दरवेळी विचारतो, तुझ्या पाहुण्यांचं बिल कधी देतोस.

माळरान
थोडा वेगळा सूर लावतो. हरीण म्हटलं की झाडी, हे समीकरण आपण सगळीकडे लावतो ते चूक आहे. मी नगरकडच्या कर्जत तालुक्यातला, रेहेकुरी अभयारण्य आमच्यापासून जवळ. अवघं सव्वादोन चौरस किलोमीटर, १९८० पासूनचं, काळविटांसाठी. काळवीट जगतं ते नजर आणि पाय यांच्यावर. त्याला लांबवरचं दिसायला हवं. आडोसा हा त्याच्यासाठी लांडगा लपायची जागा. माळावर 'हिरवं करू' म्हणून ग्लिरिसिडिया लावत सुटलो की काळविटाच्या डोळ्यांवर आपणच पट्टी बांधतो.

तुमच्या व्हाइटटेलचं उलट आहे हे मान्य, ते कडेकडेने राहणारं, झुडपात दबून बसणारं जनावर. पण 'हरणांसाठी झाडं लावा' असं वाक्य इथून कोणी उचलून माळावर नेऊ नये एवढ्यासाठी लिहिलं.

निरगुडी
माळरान, पूर्ण सहमत. आणि तिसरा प्रकार म्हणजे कान्हाचा बारशिंगा, त्याला झाडंही नकोत आणि उघडा माळही नको, त्याला उंच गवत आणि पाणी. १९७० च्या सुमारास तिथे जेमतेम ६६ उरले होते. गावं हलवली, शेतांच्या जागी गवत वाढलं, पिल्लं लपवायला जागा मिळाली, तेव्हा कुठे आकडा वर सरकला. आडोसा म्हणजे झाडच असं नाही.

दलदलकर, यातच तुमच्या नोव्हेंबरच्या शंकेचं उत्तर आहे. विलो एका ओळीत लावलात तर हिवाळ्यात तो नुसत्या छत्रीच्या काड्या. पण दोन-तीन ओळी, सहा-सहा फुटांवर, रोपं एकमेकांच्या खाचेत येतील अशी लावा आणि दुसऱ्या वर्षाअखेर निम्मी बुंध्याशी छाटा. एका खोडाच्या जागी आठ-दहा फुटवे येतात. पानं नसली तरी नजर पार होत नाही. थोडी कमी ओली पट्टी असेल तिथे स्विचग्रास टाका, वाळलं तरी उभं राहतं, बर्फाने झोपलं तरी बरंचसं परत उठतं. बी उशिरा हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर नुसतं फेकायचं, गोठणं-वितळणं त्याला आत घेतं.

मेपलचा_पाक
आमच्याकडे रस्त्याच्या चारीत बारा-बारा फूट उंच तुरेवाली नळासारखी वनस्पती आहे, फ्रॅगमायटिस. भिंतच असते. ती का नाही लावत? फुकट मिळेल.

निरगुडी
नको नको नको. ती बाहेरून आलेली जात आहे, एकदा शिरली की मुळं जमिनीखालून पळत सुटतात, बाकी सगळं मारते आणि लोक ती काढायला पैसे मोजतात. बकथॉर्न आणि ऑटम ऑलिव्हही त्याच माळेतले मणी. फुकट मिळतंय तेच कारण समजा न घ्यायचं.

पाचवा_गिअर
विस्कॉन्सिनहून. मी धनुष्यबाणाने शिकार करतो, परवाना काढून, आणि मांस घरी खातो. आता शिव्या द्यायच्या त्या देऊन घ्या, मग मुद्द्याचं सांगतो.

झाल्या? हं.

आम्ही आडोसा लावतो तो हरणाला लपवायला जितका, तितकाच आपण लपून जायला. त्यामुळे झाडं काय टिकतात ते जरा माहीत आहे. तुमच्या यादीतला व्हाइट सीडर म्हणजे हरणांची बासुंदी. उत्तरेत हिवाळ्यात हरणं सीडरच्या दलदलीतच गोळा होतात, वाराही अडतो आणि खायलाही मिळतं. इतकं खातात की कित्येक ठिकाणी नवीन सीडर वरच येत नाही, जुनी झाडं तोंड पोचेल तितक्या उंचीपर्यंत खालून कापल्यासारखी दिसतात. रेड ऑझियर डॉगवुडही आवडीचा. म्हणजे तुम्ही हरणांसाठी झाड लावणार आणि हरणं तेच खाणार.

आल्डरला सहसा तोंड लावत नाहीत. ब्लॅक स्प्रूसलाही नाही. म्हणून बाहेरची, रस्त्याकडची ओळ आल्डरची करा. तो मुळांच्या गाठीत नत्रही धरतो, शेजारच्या झाडांना फायदाच. सीडर लावायचाच तर मोजका लावा आणि प्रत्येकाला पाच फूट उंच जाळीचा पिंजरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर शिंगं घासतात तेव्हा अंगठ्याएवढी खोडं सोलून काढतात, त्यासाठीही पिंजरा लागतो.

सात्विक_थाळी
हरणाला आडोसा द्यायचा आणि मग आडोशाआडून मारायचं. वा. संस्कृती.

पाचवा_गिअर
ताई/दादा, इथे बऱ्याच भागातून लांडगे आणि प्यूमा माणसाने कधीच संपवले किंवा हटवले. हरणं वाढली की उपाशी मरतात, नाहीतर गाडीखाली. तुम्ही खाऊ नका, मी आग्रह करत नाहीये.

सात्विक_थाळी
लांडगे संपवले त्याची शिक्षा हरणांना का?

चहा_बशीतला
वेगळा धागा काढा दोघांनी, मी येतो तिकडे चिवडा घेऊन. इथे चिखलात राहू द्या.

गॅरेजवाला
मी डेट्रॉईटजवळ गाड्यांच्या बॉडी रिपेअरच्या धंद्यात आहे. कोणी बोललं नाही ते बोलतो. मिशिगनमध्ये वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या हरणांना धडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आमची दिवाळी असते, वाईट वाटतं पण खरं आहे. तुम्ही अगदी रस्त्याला लागून दाट भिंत उभी केलीत तर हरीण त्यातून एकदम उडी मारून बोनेटवर येणार. आता निदान गाडीवाल्याला आधी दिसतं तरी. रस्ता आणि झाडं यात तीस-चाळीस फूट मोकळी पट्टी ठेवा, गवत कापत राहा. तशीही कडेची काही जागा रस्तेवाल्यांच्या हक्काची असते, तिथे लावलंत तर ते येऊन कापतील.

दलदलकर
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच धन्यवाद. आडोसा चाळीस फूट आत घेतो. तसं केल्यावर लांबी पण २६० फुटांवर येते, बायको खूश.

नळदुरुस्ती
आत घेताना बघा जमिनीखाली काय आहे ते. मिशिगनमध्ये जुन्या शेतजमिनीत निचऱ्याचे पाईप पुरलेले असतात आणि काउंटीचे (म्हणजे जिल्हा प्रशासनाचे) ड्रेन तर कुठूनही गेलेले असतात. विलोची मुळं पाण्याचा वास काढत पाईपच्या सांध्यातून शिरतात आणि आत शेपटीसारखा झुबका करतात. माझ्या एका ओळखीच्यांच्या सेप्टिक टाकीचं पाणी जिरवायच्या जागेत असा सात फुटांचा झुबका निघाला, तो त्यांनी गॅरेजमध्ये टांगून ठेवलाय. सेप्टिकपासून विलो जितका लांब तितकं बरं. काउंटीच्या ड्रेनवर काही लावायच्या आधी त्यांच्या ऑफिसात विचारा.

आणि दलदलीत माती आणून उंचवटे करायचं मनात असेल तर थांबा. तो भराव धरतात, परवानगी लागू शकते. मिशिगनचं राज्य सरकारच ते बघतं. हाताने खड्डा करून रोप लावायला सहसा कोणी काही म्हणत नाही.

सुईदोरा
मी डॉक्टर. झाडांतलं मला कळत नाही. पण उंच ओलं गवत आणि हरणं म्हणजे गोचीड, तीही लाइम रोग पसरवणारी. पॅंट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे चढताना दिसते. घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागे, केसांत बघा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-मेणबत्ती असले घरगुती प्रयोग नकोत. लाल चट्टा पसरायला लागला किंवा ताप आला तर थांबू नका.

कोकणची_वई
बापरे. आम्ही जळवांना तंबाखू लावायचो ते बरं म्हणायचं.

फुमदी
मी कामानिमित्त दोन वर्षं इंफाळला होते, म्हणून राहवत नाही. ओली जागा आणि हरीण म्हटलं की मला सांगाईच आठवतो. लोकताक तळ्यात फुमदी म्हणजे कुजलेल्या गवतामुळांचे तरंगते थर, त्याच्यावर हे हरीण राहतं. पायाखाली जमीन अशी नाहीच! १९७५ मध्ये मोजले तेव्हा १४ निघाले. १९७७ मध्ये कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे आडोसा म्हणजे ते उंच गवतच, दुर्बिणीतून तासभर बघितलं तेव्हा आधी गवत हललं, मग शिंगं, आणि मग पूर्ण जनावर. आता धरणामुळे पाणी बारमाही वर राहतं, त्यामुळे फुमदी पूर्वीसारखी उन्हाळ्यात तळाला टेकत नाही आणि पातळ होत चाललीय. थर जाड हवा तर पाणी उतरायला हवं असं तिकडचे लोक सांगायचे. दलदलकर, तुमची दलदल आटवायचा विचार तरी करू नका.

दलदलकर
आटवणार नाही. गमबुटांची शपथ.

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट लक्षात आली म्हणून काल परत चिखलात गेलो. जी सात स्प्रूस जगली ना, त्यातली पाच जुन्या कुजलेल्या बुंध्यांच्या शेजारी आहेत आणि दोन मुंग्यांच्या वारुळासारख्या उंचवट्यावर. म्हणजे आजूबाजूपेक्षा फारतर वीतभर उंच. एवढ्या वीतभराने जगली!

निरगुडी
बरोबर! दलदलीतलं झाड असंच उभं राहतं, पडलेल्या ओंडक्यावर, बुंध्यावर. व्हाइट सीडरची रानातली रोपं बघा, कित्येकदा ओंडक्यावरच उगवलेली असतात. बाहेरून माती आणू नका, असलेले उंचवटे शोधा, खुणेच्या झेंड्या लावा आणि महागडी रोपं फक्त तिथेच लावा. खोलगट जागा विलो-आल्डरला सोडा. सरळ रेषेचा हट्ट सोडा, हरणांना रेषा कळत नाही.

रोपं कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टच्या (माती-पाणी जपणारी स्थानिक संस्था) वसंतातल्या विक्रीतून घ्या, स्वस्त पडतात. ऑर्डर हिवाळ्यातच द्यायची असते.

भंडाऱ्याचा_भाऊ
हे उंचवट्याचं आमच्या धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, पळसाले पण लागू हाये. बांधीत, म्हंजे धानाच्या खाचरात, मरते, धुऱ्यावर जगते. तुमचे अमेरिकेवाले आता शोधून रायले काय?

टवाळखोर
भाऊंना सल्लागार नेमा, डॉलरमध्ये.

दलदलकर
धागा वर काढतोय, सव्वा वर्ष झालं. काय झालं ते सांगायला हवं, इतक्या लोकांनी डोकं लावलं होतं.

मार्चमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून विलोच्या फांद्या आणल्या. २०० कांड्या खुपसल्या, पुठ्ठ्यांसाठी ऑफिसातून तीन आठवडे खोकी पळवली. दीडशेच्या आसपास फुटल्या. जूनमध्ये हरणांनी जवळजवळ सगळ्यांचे शेंडे खाल्ले, मी दोन दिवस जेवलो नाही, मग निरगुडी ताईंनी व्यनि (खासगी निरोप) केला की तुमची छाटणी फुकट झाली. खरंच ऑगस्टपर्यंत त्यांना बाजूने फुटवे आले, आता काही छातीपर्यंत आहेत. आल्डर ४० लावले, त्याला कोणी विचारलं नाही, सुखात आहे. सीडर आठ, सगळे उंचवट्यावर, पिंजऱ्यात. एक पिंजरा बर्फाने वाकला, त्याच्यातून माना घालून तो एक साफ केला.

अजून किचनच्या खिडकीतून रस्ता दिसतो, खोटं कशाला बोलू. पण जुलैत पुठ्ठ्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये गवत चेपलेलं दिसलं, वाटीसारखं, ताटाएवढं. हात लावला तर कोमट होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत कशाला गेलास.

आता प्रश्न. पिंजरे कधी काढू? सीडर जाळीच्या वर आलाय.

निरगुडी
काढू नका. शेंडा वाचला तरी जाळी काढली की खालच्या फांद्या खाणार, आणि तुम्हाला आडोसा खालीच हवाय. जाळी जरा मोठ्या घेराची करा म्हणजे फांद्या आत पसरतील. वाकलेला पिंजरा दोन खुंट्यांवर बांधा, एका खुंटीवर बर्फ पेलत नाही. खाल्लेला सीडर मुळासकट उपटू नका, एक वर्ष वाट बघा.